साळुंकी कुणाची

आमच्या प्रोग्रॅमिंग भाषेला मॅस्कॉट हवा होता. तिच्या नावाशेजारी छापायला एखादा प्राणी, पण कुणाच्या ट्रेडमार्कमध्ये आधीच अडकलेला नको. म्हणून रविवारी सकाळी आम्ही चौघं स्नेहलच्या घरी जमलो. कुणीतरी प्राण्याचं नाव घ्यायचं, अभिजितने लॅपटॉपवर शोधायचं आणि मान न उचलता सांगायचं, "गेला." हत्ती गेला, साप गेला, खेकडासुद्धा गेला. दुपारपर्यंत अख्खं जंगल संपत आलं.

मला बसवेना. उठून खिडकीशी गेलो. समोरच्या गॅलरीत कपड्यांच्या दोरीवर एक साळुंकी बसली होती. डोळ्याभोवती पिवळा पट्टा, अंगात सारखी चुळबुळ. एरवी मी तिच्याकडे नुसतं पाहत राहिलो असतो. आज पहिला विचार आला, हिला घेतलं असेल का कुणी? स्वतःचीच लाज वाटली. तरी वळून म्हणालो, "साळुंकी बघ रे."

अभिजितने बराच वेळ शोधलं. मग दिवसभरात पहिल्यांदा मान वर केली. "कुणाचीच नाही."

सगळे खूश झाले. स्नेहलने लगेच कागद ओढून चोच काढायला घेतली. मी पुन्हा बाहेर पाहिलं. दोरी रिकामी होती, अजून थोडी हलत होती.

आता उद्या दुसऱ्या कुठल्या घरात कुणी साळुंकीचं नाव घेईल, आणि कुणीतरी मान न उचलता सांगेल, "गेली."