गोड आमटीची तारीफ

खोटं बोलून पोट भरणारी माणसं कळंबात काही कमी नव्हती. पण खोटं बोलून अर्धपोटी राहणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या शाळेतले उर्दूचे मास्तर. निजामी अमलात हैदराबादेहून बदलून आले आणि आमच्या पुढच्या खोलीत राहिले. एकाच राज्यातलं गाव, पण बोलायचे असे की जणू समुद्र ओलांडून आलेत. त्यांना हवी होती फक्त त्यांच्या अम्मीच्या हातची असते तशी खट्टी दाल. आंबटढाण, लसणाच्या फोडणीची.

पहिल्याच दिवशी आईने त्यांना आमटी पाठवली. आमच्याकडे आमटीत गूळ आणि शेंगदाण्याचा कूट पडणारच. मास्तरांनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "माशाल्ला, क्या बात है!" वाढलेल्या अन्नाला नावं ठेवणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. आईला वाटलं, पसंत पडली. मग काय, रोज आमटी, आणि आवडते म्हणून रोज गूळ थोडा जास्त. शाळेच्या वाटेवर ते माझा दंड धरायचे. "मियाँ, कुछ करो." मी म्हणायचो, "आईला सांगतो." "नक्को, नक्को! दिल टूटेगा उनका. मेरी कसम!" तीन वर्षं ही कसम वागवून मी मेटाकुटीला आलो.

खऱ्या दालीच्या शोधात शुक्रवारच्या सुटीला रजा जोडून त्यांनी मला कुठं कुठं नेलं. तामलवाडीला म्हणे हैदराबादेहून परतलेला एक शिपाई तशीच दाल करतो. मोटार, मग बैलगाडी, मग पायपीट. शिपायाने प्रेमाने पिठलं वाढलं. मास्तर म्हणाले, "माशाल्ला!" शिपायाने दुसऱ्यांदा वाढलं. परतताना ते म्हणाले, "इस साल गर्मी की छुट्टी में घर जाऊँगा. अम्मी के हाथ की खाऊँगा."

सुटीला महिना उरला असताना हैदराबादेहून खत आलं. अम्मी जाऊन आठ दिवस झाले होते.

दुःखाच्या घरी शेजारणीने जेवण न्यायचं, म्हणून आई ताट घेऊन गेली. ताटात त्यांच्या 'आवडीची' आमटी. मास्तरांनी घास घेतला आणि हात आखडला.

"माँजी, नक्को. इस में गुड़ है. पहले दिन से अच्छी नहीं लगी." आणि लहान मुलासारखे रडू लागले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई मात्र उंबऱ्यातच बसली.

"तीन वर्सं पाव्हण्यावानी बोललात, मास्तर. आज घरच्यावानी बोललात. सांगा, कशी करायच्या तुमच्या आई?"

मास्तर सांगू लागले आणि थांबले. चिंच कधी घालायची, लसूण ठेचायचा की चिरायचा, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी ती फक्त खाल्ली होती.

मग आई रोज अंदाजाने करून न्यायची. "नहीं माँजी, ये भी नहीं," म्हणत मास्तर ताट चाटून पुसून साफ करायचे. आई म्हणायची, "ऱ्हाऊ द्या, उद्या बघू."

त्यांची बदली झाली तरी ती दाल काही जमली नाही. आता आम्ही सगळे मुकाट्याने जेवतो. आपल्या स्वयंपाकाला नावं ठेवणारं घरात कुणी उरलं नाही, याचं आईला अजून वाईट वाटतं.