तिसऱ्या ओळीखालची जागा

८ ऑक्टोबर १९६७. हजर : विमलचे यजमान, तिची धाकटी जाऊ, कारखान्याचे शेठजी, पॅकिंगच्या सतरा बायका आणि मी. विमलचं तेरावं होतं. यादी सवयीने तेव्हाच केली, पण करताना मनात आलं ते आता लिहूनच टाकते... माझ्या तेराव्याला इतक्या बायका येणार नाहीत.

यवतमाळात विमलचं नि माझं घर लागून. उन्हाळ्यात आळीतल्या बायका माझ्या अंगणात जमून लोणचं घालायच्या. कोणाच्या किती कैऱ्या, विळी कोण आणणार, सगळं माझ्या वहीत. प्रमाणही माझंच. लोणच्याला बुरा येऊ नये म्हणून निखाऱ्यावर हिंग टाकून बरण्यांना धुरी द्यायचं काम मात्र मी आदल्या दिवशी एकटीच उरकायची. बायका येत तेव्हा बरण्या तयार असत. छप्पन साली शेठजींनी कापसाच्या जिनिंगच्या जुन्या शेडमध्ये लोणच्याचा कारखाना काढायचं ठरवलं, तेव्हा ते आधी माझ्याच दारात आले. “विचार करून सांगते,” मी म्हटलं आणि अडचणींची यादी करायला बसले. नऊ निघाल्या. विमल शेजारच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिथूनच म्हणाली, “मले चालते, शेठजी. उद्या येऊ का परवा?”

ती गेली. आधी फोडी कापायला, मग बरण्या भरायला, दोन वर्षांत देखरेखीला. आळीत तिला कोणी ‘बाईसाहेब’ म्हटलं की मी विहिरीवरून घागर अर्धीच घेऊन परते. शेठजींनी लोणच्याचा पहिला मोठा घाणा तिच्यावर सोपवला तेव्हा ती माझ्याकडे प्रमाण मागायला आली. मी कागदावर आकडे घालून नीट लिहून दिलं. धुरीची ओळ तेवढी गाळली. विसरले नव्हते.

पावसाळ्यात त्या घाण्याला बुरा आला. विमलची नोकरी जाता जाता राहिली. शेठजींना तिने सांगितलं, “चूक माह्यी.” मग माझ्याकडे आली.

“सुमे, काही राह्यलं का व लिवायचं?”

“नाही तं.”

ती उठली, कोनाड्यातली माझी धुरी दिलेली रिकामी बरणी उघडून नाकाशी धरली आणि झाकण लावून जागेवर ठेवली. पुढचा घाणा उत्तम निघाला.

पुढे ती व्यवस्थापिका झाली. स्वतंत्र खोली, दारावर नावाची पाटी, नागपूरच्या व्यापाऱ्यांना भेटायला जीप. एकदाच गेले मी त्या खोलीत. टेबलाच्या काचेखाली माझा तो कागद! येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगे, “हे आमच्या सुमनचं प्रमाण.” मला वाटलं, काच फोडावी. निघताना ती म्हणाली, “एक ओळ राह्यली व. तुह्याच हातानं लिवून देजो.”

“पेन नाही जवळ.”

“तुह्याजवळ अन् पेन नाही?” ती इतकी हसली की बाहेरच्या बायका डोकावल्या.

त्यानंतर सहा वर्षं ती भेटत राहिली, ओळीचं पुन्हा काढलं नाही. भादव्यात काविळीने गेली.

तेराव्याला तिच्या जावेने तो कागद माझ्या हातात दिला. तिसऱ्या ओळीखाली पेन्सिलीचा एक छोटा बाण आहे आणि त्यापुढे बोटभर कोरी जागा. कारखान्यातल्या नव्या मुलींसाठी तो तिथेच लावायचा आहे.

तेराव्याला आज तीन आठवडे झाले. माझ्या वहीतली यादी अशी : तेराव्याच्या सतरंज्या परत करणे, झालं. विमलच्या फोटोला चौकट, झालं. धुरीची ओळ लिहिणे...