टिलर, उघडा पाय आणि नडगीवरची रेघ

डॉक्टरबाईंनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि पायाच्या हाडांमधले काळे ठिपके पेन्सिलीने दाखवले. “हे वायूचे बुडबुडे. गॅस गँगरीन आहे,” त्या म्हणाल्या.

मला बी.ए. होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आमच्या घराण्यात इंग्रजी कळणारा मी पहिला. तरी त्या दोन शब्दांचा अर्थ मला बाईंनाच विचारावा लागला.

त्यांनी समजावून सांगितलं. शेणखताच्या मातीत काही जंतू असतात. खोल जखमेत, जिथे हवा पोचत नाही, तिथे ते वाढतात, मांस सडवतात आणि आत वायू साठतो. त्यांनी माझं बोट धरून किसनदादाच्या सुजलेल्या पावलावर हलकेच टेकवलं. कातडीखाली कुरकुर झाली, भाजलेल्या पापडावर बोट ठेवावं तशी. दादाने दात आवळले.

किसनदादा माझा थोरला भाऊ. आमचं गाव चाकणच्या पलीकडे. त्याने चौथीत शाळा सोडली म्हणून मी पुढे शिकलो. चिंचवडच्या माळावर तेव्हा एकामागून एक कंपन्या उभ्या राहत होत्या. त्यातल्या एकीच्या बागेत तो माळी होता आणि त्याच कंपनीच्या टाइम ऑफिसात मी हजेरीचा कारकून. बागेसाठी कंपनीने पेट्रोलवर चालणारा एक छोटा टिलर आणला होता. दोन दांडे धरून मागून चालायचं, खाली फिरणारी पाती माती उकरत जातात. सोबत इंग्रजी पुस्तिका होती. एका रविवारी मी ती दादाला मराठीत वाचून दाखवली.

एकदा ऐकलं की दादाच्या ते कायमचं लक्षात राहायचं. इंजिन गार झाल्याशिवाय तो टाकीत पेट्रोल ओतत नसे. सकाळी तेल बघायचा, पात्यांचे बोल्ट पान्याने आवळायचा. पात्यांत गवत गुंडाळलं तर आधी इंजिन बंद, मग प्लगची वायर काढून बाजूला, आणि मगच हात आत. पायात गमबूट तर असायचेच. हेड माळी तात्या त्याला चिडवायचे, “किसन, बायकोला एवढं जपलं असतंस तर तिनं देव्हाऱ्यात बसवलं असतं राव तुला.” दादा म्हणायचा, “बायको चावत न्हाई तात्या. हे चावतंय.”

ते चावलं खंडेनवमीला.

त्या दिवशी सगळ्या कंपनीत यंत्रांची पूजा असते. दादाने टिलर धुतला, झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं. उदबत्ती मात्र त्याने दहा पावलं लांब लावायला लावली. “पेट्रोल हाय, देवाला तिकडनं बी वास येतोय.” पूजेसाठी त्याने गमबूट काढून कडेला ठेवले. मीही चपला काढून उभा होतो. नारळ फुटला. तेवढ्यात एक साहेब आले, आणि तात्या म्हणाले, “किसन, दोन सऱ्या मारून दाखव साहेबांना.”

दादा तसाच अनवाणी दांड्यांपाशी गेला. मी गमबुटांकडे पाहिलं. त्याने माझी नजर ओळखली. “आता पुजलंय त्याला. पायताण घालून हात लावायचा व्हय?” तो म्हणाला. मला ते पटलं. खरं सांगतो, मला ते पटलं. पुस्तिकेतली पायताणाची ओळ मीच त्याला वाचून दाखवली होती आणि त्या क्षणी मला ती आठवतही होती. पण कुंकू लावलेल्या यंत्रासमोर, सगळ्यांच्या देखत, ती बोलायला जीभ वळली नाही.

वाफ्याच्या दगडाला टिलर अडला. दादाने तो मागे घ्यायला रिव्हर्स टाकला आणि एक पाऊल मागे सरकला. यंत्र धुतल्याने तिथे चिखल झाला होता. अनवाणी पाय निसटला, तो मागच्या मागे पडला आणि फिरती पाती त्याच्या डाव्या पावलावर चढली. इंजिन तात्यांनी बंद केलं. मी जागचा हललो नव्हतो.

पुढे जे झालं ते सगळं चांगल्या मनानेच झालं, म्हणून मुद्दाम लिहितो. कोणीतरी जखमेत मूठभर हळद दाबली. जवळच्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं आणि जखम घट्ट शिवली गेली. वरून ती छान दिसत होती. माती आतच राहिली. तिसऱ्या दिवशी पट्टीला वास येऊ लागला, ताप चढला, आणि आम्ही पुण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, अशी जखम आधी वाहत्या पाण्याने पुष्कळ धुवायची, काही भरायचं नाही आणि शिवायची घाई करायची नाही. आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग आला तर एवढं तरी ध्यानात ठेवा.

बाईंनी माझ्यापुढे छापील कागद ठेवला. कन्सेंट फॉर्म, म्हणजे संमतीपत्र. पाय उघडून सडलेलं मांस काढायचं, आणि गरज पडेल तिथून पाय कापायचा, याला संमती.

“गरज कुठून पडेल?” मी विचारलं.

“आत्ता सांगता येणार नाही. टाच वाचली तर ते चालतील. घोट्याच्या वर गेलं तर कुबडी. त्याच्याही वर गेलं, तर मग पायाचा प्रश्न राहत नाही.”

वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. “भावजी, तुमीच वाचा. मला काय कळतंय?” त्या म्हणाल्या. मी दोनदा वाचलं. प्रत्येक शब्द कळला. त्याने काहीच फरक पडला नाही.

दादा खाटेवरून म्हणाला, “सायेब, सही कर. एवढ्यासाठीच शिकवलंय तुला.” तो हसला. मी सही केली. इतकी वाईट सही मी आजवर कधी केलेली नाही.

त्या दुपारी पुढचं अर्धं पाऊल, बोटांसकट, काढलं. जखम शिवली नाही, उघडीच ठेवली. मग बाईंनी पेनाने नडगीवर, सूज जिथे संपत होती तिथे, आडवी रेघ ओढली. “सूज हिच्यावर गेली की लगेच हाक मारा,” त्या म्हणाल्या. पेनिसिलीनची इंजेक्शनं ठरल्या वेळी चालू होती. आमच्याकडे एकच काम होतं, त्या रेघेकडे बघणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूज रेघेच्या बोटभर वर गेली. बाईंनी वाकून पाहिलं, त्याला पुन्हा आत नेऊन जखमेतलं आणखी सडलेलं मांस काढलं आणि वर दुसरी रेघ ओढली. वहिनींनी तोंडात पदर कोंबला. दादा दोन्ही रेघा न्याहाळत म्हणाला, “आपल्या बांधावर एवढी राखण कुनी केली न्हाई. म्हनून तर शेजारी कवाचाच आत आलाय.” वहिनी चिडल्या, “थट्टा कसली सुचतीया तुमाला!” तो म्हणाला, “मग रडू का? रडाया तुमी दोघं हायसा की.”

मी बाकावर बसून होतो. देवाला काय बोलावं हेही सुचत नव्हतं. मी फक्त रेघ बघत होतो, जणू मी नजर काढली तर ती ओलांडली जाईल.

दुसरी रेघ ओलांडली गेली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सूज तिच्या खाली उतरली. बाईंनी पाय दाबून पाहिला. कुरकुर नव्हती. “टाच राहिली,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. त्यांच्यापुढे अजून पंधरा खाटा होत्या. मी त्यांचे आभारही नीट मानू शकलो नाही. ते आज इथे मानतो. ठरल्या वेळी सुई घेऊन येणाऱ्या सिस्टरांचे आणि पट्टी बदलताना दादाशी पिकापाण्याच्या गप्पा मारणाऱ्या वॉर्डबॉयचेही मानतो.

आता मी बागेत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगतो: सणावाराला यंत्राला नमस्कार खुशाल अनवाणी करा, पण ते चालू करायच्या आधी पायताण घाला. मागे घेताना पायाखालची जमीन बघा. आणि दुसरा चुकतोय असं दिसलं तर चारचौघांत बोला. माणसं हसतात, रागावतात. हसू द्या. मला आता त्याचं काही वाटत नाही.

सहा आठवड्यांनी बाईंनी दादाला उभं राहायला सांगितलं. तो खाटेच्या कडेला आला, उरलेलं पाऊल फरशीवर टेकवलं आणि दम घेतला. मी दोन्ही हात पुढे केले.

“धरू नगंस,” तो म्हणाला. “पडलो तर सांगीन.”

तो टाचेवर भार देत उठला. पहिलं पाऊल पडलं, मग दुसरं. मी हात पुढे धरूनच त्याच्या शेजारून चाललो, वीतभर अंतर ठेवून, खिडकीपर्यंत.