मामाचं भिंग

मामा गेल्याचा निरोप आला तेव्हा हे अंगणात पाय धूत होते. हातातला गडवा खाली ठेवून ते लहान मुलासारखे रडू लागले. माझ्या डोळ्यांत अजून पाणी नव्हतं आणि माझ्या मामासाठी हा माणूस एवढा का रडतो, हा संशयच आधी मनात आला. मी आहेच तशी. दूध जरा पातळ दिसलं की गवळणीची उलटतपासणी घेते. पण मामाच्या बाबतीत आमचं अख्खं घरच संशयी होतं.

पहिल्या महायुद्धात मामा बसऱ्याच्या लष्करी इस्पितळात मलमपट्टी करायचा. परत आला तो लग्न न करताच राहिला आणि काचेवरची चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवणारा जादूचा कंदील घेऊन जत्रा फिरू लागला. पोहरादेवीच्या यात्रेत कनातीआड तरण्या पोरांना बसवून तो गरमीची, म्हणजे बाहेरख्यालीपणातून जडणाऱ्या गुप्तरोगाची चित्रं दाखवी. बायकांना आत मज्जाव. "याले एवढं कसं माहीत? यालेच झाली असन," असं आमची आत्या तोंडाला पदर लावून म्हणे. बाबा त्याला जेवू घालत, पण ताट वेगळं ठेवत. एकदा मी कनातीला कान लावला. "लपवता तुमी, अन् भोगते कोन? घरात येनारी पोरगी! तिले कोनी इचारते काय?" ...मामाचा एवढा तापलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

पुढे माझं लग्न रिठद गावी जमलं. साक्षगंधाच्या दिवशी मामानं नवरदेवाला उजेडात नेलं, खिशातून कंदिलाचं जुनं भिंग काढलं आणि त्याचे तळहात न्याहाळले. पाहुण्यांना वाटलं, मुलीच्या मामाला हात पाहता येतो. "काय लिवलं हाये जी?" व्याह्यांनी कौतुकानं विचारलं. मामानं भिंग खिशात ठेवलं. "योग बरा नाही. दोन वर्सं थांबा."

"तू जोतिषी कधी झाला रे?" बाबा कडाडले. पण व्याही धसकले आणि लग्न लांबलं. मुलीतच काही खोट असेल, अशी कुजबुज गावभर झाली. भाजीची पाटी घेऊन बाजारात जायचीही मला चोरी झाली. मामा मात्र अकोल्याच्या खेपा करत होता. कशाला, कुणासोबत, काही सांगत नसे. माझं जमलेलं लांबवून त्याला काय मिळणार, हे कोडं मला सुटत नव्हतं. शेवटी त्याच मुलाशी लग्न झालं आणि बोहल्यावर माझ्यामागे मामाच उभा राहिला.

प्रत्येक बाळंतपणानंतर तो यायचा आणि बाळाचे तळहात-तळपाय भिंगातून पाहायचा. "काय शोधून राह्यला मामा?" मी विचारायची. "काही नाही वं बाई. गुटगुटीत हाये." मग तो निवांत चहा प्यायचा.

तेरवी झाल्यावर हे आपणहून बोलले. "माह्या हातावर गरमीचे चट्टे होते. मामानं मले अकोल्याले नेऊन सुया टोचवल्या. डागदर रगत साफ हाये म्हने, तवाच लगन होऊ देल्लं."

"मले काहून नाही सांगितलं?"

"मामानं शपत घातली होती. तू भेशीन म्हने..."

मग मला रडू आलं. बाळांच्या तळहातांवरही तो तेच चट्टे शोधत होता. मामानं माझा जन्म वाचवला, माझी लेकरं धडधाकट ठेवली. आणि तितकाच रागही आला. पोरीला कुणी विचारतं का, असं कनातीत गळा फाडून म्हणणाऱ्या माणसानं मलाही विचारलं नाही. भ्याले असते मी, पण कशाला भ्यायचं ते तरी कळलं असतं.

भिंग आता माझ्याकडे, देवळीत असतं. थोरलीला पाहायला पाहुणे येताहेत. परवा ती भिंगातून दिव्याची वात पाहत होती.

"माय, मामाआजा यातून काय पाहे वं?"

हे गडबडीनं उठले आणि दाराकडे निघाले.

"बसा जी," मी म्हटलं. "इचारलं तिनं."

हे परत बसले. मी दिवा जवळ ओढला, भिंग लेकीच्या तळहातावर ठेवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले.