चाचण्या बनवणारे सर

मी आज जो काही आहे तो आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंमुळे. वडील तेलाच्या घाण्यावर कामाला होते, आई लोकांकडे पापड लाटायला जायची. घरात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, आणि दहावीनंतर मी घाण्यावर जाणार हे ठरल्यातच जमा होतं. एका संध्याकाळी बाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "दादा, हा मुलगा मला द्या. मी याला मास्तर करते." वडील म्हणाले, "न्या." एवढंच बोलणं झालं. पुढे पदवी आणि बी.एड. होईपर्यंत बाई माझ्यामागे उभ्या राहिल्या. अलीकडेच मी त्यांना एक पत्र पाठवलं. ते का पाठवावं लागलं, ते सांगतो.

मुंबईत, चारकोपच्या एका मराठी शाळेत मी शिक्षणसेवक म्हणून लागलो. म्हणजे सुरुवातीची वर्षं उमेदवारी. मग संस्थेने प्रस्ताव पाठवला तर कायम. माझ्याकडे सहावी-सातवीचं गणित आलं. गावाकडे आमच्या अख्ख्या वर्गात दोन-तीन कंपासपेट्या असायच्या आणि त्या बाकांवरून फिरायच्या. इथे बघतो तर इंटरनेटवर शिक्षकांसाठी काय काय फुकट पडलेलं: भूमितीची ॲप, सरावाचे कागद, प्रयोगांचे व्हिडिओ, आपोआप गुण देणाऱ्या चाचण्या. कुणीतरी अनोळखी माणसांनी हे बनवून आपल्यासारख्यांसाठी ठेवलंय, याचं मला फार अप्रूप वाटायचं.

त्यातल्या एका ॲपमध्ये त्रिकोणाचा कोपरा बोटाने ओढता यायचा. तिन्ही कोन बदलायचे, बेरीज मात्र एकशे ऐंशीच. पडद्यावर ते बघून सातवीचा वर्ग पेटलाच. "सर, मला द्या, मी मोडतो!" एकेक जण पुढे येऊन त्रिकोण ताणू लागला. कुणी तो सुईसारखा बारीक केला, कुणी जवळजवळ आडवा पाडला. बेरीज काही मोडेना. सगळा तास त्यातच गेला. इतका चांगला तास मी त्याआधी घेतला नव्हता.

ही बातमी शिक्षकखोलीत पोचली. इतिहासाच्या मॅडम म्हणाल्या, "झकास रे! माझ्या आठवीसाठी पण एक चाचणी बनव ना."

"प्रश्न द्या मॅडम, मी चढवतो."

"प्रश्न पण तूच काढ. मला काय, माझा फोन माझंच ऐकत नाही."

"मॅडम, मी गणिताचा माणूस."

"मग बरंय ना, सनावळ्या चुकणार नाहीत तुझ्या."

सगळे हसले, मीही हसलो, आणि आठवीची इतिहासाची चाचणी माझ्याकडे आली. मग भूगोलाची. मग विज्ञानाची. सरकारी ऑनलाइन प्रशिक्षणं आली की फोनच माझ्या टेबलावर ठेवले जायचे, "व्हिडिओ शेवटपर्यंत जाऊ दे फक्त" म्हणून. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलावर पाचसहा फोन एकाच वेळी वेगवेगळ्या विषयांवर बोलत असायचे, आणि मी मध्ये बसून डबा खायचो. नाही म्हणणं जमत नव्हतं. एक तर मी नवा, त्यात शिक्षणसेवक, आणि शिवाय सगळे इतक्या प्रेमाने सांगायचे.

चाचण्यांचे निकाल रंगीत खांबांच्या आलेखात यायचे. माझ्या सातवीचा खांब सगळ्यात उंच. मुख्याध्यापिकाबाईंनी तो संस्थेच्या सचिवांना दाखवला. संस्थेच्या आणखी दोन शाळा आहेत, मालाडला आणि सांताक्रूझला. सचिव स्वतः चारकोपला आले.

"सर, तुम्ही वर्गात कशाला अडकून पडता? दिवाळीनंतर तिन्ही शाळांच्या चाचण्या तुम्ही बनवा. खोली देतो, एसी देतो."

"साहेब, माझी सातवी?"

"घेईल कुणीही. चाचणी तयार असली की शिकवायला काय लागतं?"

मुख्याध्यापिकाबाई हळूच म्हणाल्या, "हो म्हण रे. तुझा प्रस्ताव यांच्याच सहीने जायचाय."

मी म्हटलं, विचार करतो. सचिवांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं.

त्या रात्री गावी बाईंना फोन केला. खरं तर सल्ला विचारायचा होता. 'तीन शाळा' आणि 'खोली' एवढं ऐकूनच बाईंचा आवाज बदलला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या आळीत पेढे वाटल्याचं आईने कळवलं. घाण्यावर जाऊन वडिलांच्या मालकालाही दिले म्हणे.

दिवाळीच्या सुट्टीआधी एक दिवस शाळेतली वीज गेली. पडदा नाही, म्हणून मी खडू घेतला आणि फळ्यावर एक छेद दोन अधिक एक छेद तीन असं लिहिलं. लिहून पूर्ण व्हायच्या आत वर्ग ओरडला, "सी!"

"काय सी?"

"उत्तर सी, सर!"

"अरे, पर्याय कुठे लिहिलेत मी?"

मागच्या बाकावरून आवाज आला, "मग लिहा ना चार. लगेच सांगतो."

वर्ग हसला. मलाही हसू आलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी मात्र मला समजावून सांगू लागली. "सर, घरच्या फोनवर चाचणी कितीही वेळा देता येते ना? पहिल्यांदा काहीपण दाबायचं. लाल झालं की दुसरं दाबायचं. मग पाठ होतं. आम्ही गाणं केलंय."

आणि त्यांनी ते म्हणून दाखवलं. सी ए ए डी, बी बी सी डी. बाक वाजवून, अगदी सुरात. अपूर्णांकांचं एक कडवं, टक्केवारीचं एक. सगळ्या चाचण्या पैकीच्या पैकी.

पर्यायांच्या जागा आपोआप बदलत ठेवायची सोय त्या चाचणीत होती. पालकांना घरी उत्तरं ताडून बघता यावीत म्हणून मी ती मुद्दाम बंद ठेवली होती. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. त्यानंतर मी प्रत्येकाला ती बेरीज वहीत करायला सांगितली. बहुतेकांनी वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले आणि दोन छेद पाच लिहून मोकळे झाले. सहावीत असताना याच मुलांना हे येत होतं.

मी मुख्याध्यापिकाबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "वाट लावशील माझी. साहेबांनी तोच निकाल मालाडला दाखवलाय." तरी त्यांनी सचिवांना फोन लावून दिला.

"मग पर्याय बदलते ठेवा, सर. त्यात काय?"

"साहेब, मुलांना बेरीज येत नाहीये. मला शिकवावं लागेल."

"बरोबर. म्हणूनच आणखी चांगल्या चाचण्या हव्यात. त्यासाठीच तर तुम्हाला मोकळं करतोय."

मी "बरं" म्हटलं.

दिवाळीनंतर मी खोलीत बसू लागलो. जिन्याखालची संगणकांची खोली आहे, खिडकी नाही, दाराला सरकतं लोखंडी जाळीदार गेट. मधल्या सुट्टीत मुलं संगणकांवर झडप घालतात म्हणून शिपाईमामा बाहेरून कडी घालतात. मालवणकडचे आहेत. "सर, तुमी आत आसात मा? मगे मी कडी घालतंय." मी आत असतोच. डोक्यावरच्या जिन्यावरून सगळी शाळा धडधडत उतरते आणि सुट्टी संपली की चढते. सातवीचं गणित पीटीच्या सरांकडे आहे. ते वर्गात येऊन मी बनवलेली चाचणी लावतात. भले माणूस आहेत, मला म्हणाले, "सर, तुमच्यामुळे मला काहीच करावं लागत नाही."

बाईंचे फोन येत राहिले. "एसी गार होतो ना रे नीट?" असं विचारायच्या. मी "हो" म्हणायचो. शेवटी मी लिहायला बसलो.

"बाई, नमस्कार. फोनवर तुमचा आनंद ऐकला की माझं तोंड बंद होतं, म्हणून लिहितोय. मला बढती मिळालेली नाही. माझा वर्ग गेलाय. मी दिवसभर एका खोलीत बसून प्रश्न बनवतो आणि मुलं ते न वाचताच उत्तरं देतात. फुकट मिळालेल्या चांगल्या गोष्टींचं मी असं करून ठेवलं.

काल सातवीतल्या एका मुलीने गेटमधून वही आत सरकवली. अपूर्णांकांची बेरीज होती. उत्तर चुकलं होतं, पण सगळ्या पायऱ्या लिहिल्या होत्या. चूक झाली तिथे खूण करून मी वही परत दिली. दिवाळीपासून मी शिकवलंय ते एवढंच.

आज मी मुख्याध्यापिकाबाईंना लेखी दिलं की मला सातवीचा वर्ग परत हवा, आणि त्यासाठी माझा प्रस्ताव मागे पडला तरी चालेल. चालेल असं लिहिलंय, पण भीती वाटते. नोकरी गेली तर पुन्हा अर्ज करत हिंडावं लागेल. आईला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही ज्यांना पेढे दिलेत त्यांना काय सांगायचं, तेही मला सुचत नाही. तुम्ही माझ्यावर रागवा, पण वडिलांना मालकासमोर खाली बघावं लागू नये, एवढं बघा.

संस्थेचं उत्तर यायचंय. तोवर मी खोलीतच आहे.

तुमचा विद्यार्थी."