पाहुण्यांसाठी पोहे

"मूठ दखाड!"

शाळा सुटून पोरी बालगृहाच्या फाटकातून आत आल्या, की अक्का दारात आडव्या उभ्या राहायच्या. मूठ उघडून दाखवल्याशिवाय आत प्रवेश नाही. मुठींतून चिंचोके निघत, शाळेतले खडू निघत, एकदा जिवंत बेडूक निघाला. खडू जप्त झाले, चिंचोके परत मिळाले आणि बेडकाला पाहून अक्का अशा किंचाळल्या की तोच घाबरून पळाला.

धुळ्याच्या त्या बालगृहात मी कचेरीत होतो. अक्का कागदावर लहान मुलींच्या काळजीवाहक, पण हाक मारायला सगळ्यांच्याच अक्का, अधीक्षकसाहेबांच्यासुद्धा. आता त्या निवृत्त होऊन मुलाकडे गेल्या आहेत. पोरी फाटकातून सरळ आत येतात आणि मला उगाच चुकल्यासारखं होतं.

आमच्याकडे श्रावणात कानबाईचे, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीचे, रोट होत, हे सांगितलं तर तुम्ही हसाल. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने मूठभर गहू घ्यायचे, ते दळून रोट करायचे आणि ते घरच्यांनी, भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला तुकडासुद्धा नाही. मग ज्यांना घरच नाही, त्यांचे रोट कसले? अक्कांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. "बठ्ठा पोरं मना घरना शेतस," म्हणत त्या एकेकीला परातीत तिची मूठ टाकायला लावायच्या.

वासाने ओढले गेलेले साहेब एकदा स्वयंपाकघरात डोकावले. "राग नका धरा, साहेब. तुमनी मूठ पडनी नही," म्हणत अक्कांनी त्यांच्या हातात पोह्यांची बशी दिली. शेजारी मीही पोहेच खात बसलो होतो. साहेबांनी मुकाट्याने लिंबू मागून घेतलं.

चाळीसगाव स्टेशनवर एकटी सापडलेली सोनी आमच्याकडे आली, ती ऐन श्रावणात. ती काही केल्या मूठ टाकेना. "मी पाव्हनी शे. मनी मावशी येई," एवढंच म्हणे; आपली मावशी न्यायला येणार, यावर ठाम.

"बरं माय," अक्का म्हणाल्या, "पाव्हनीले पोहे."

सगळ्या पोरी खिरीबरोबर रोट खात होत्या आणि सोनी माझ्याजवळ बसून पोहे चिवडत होती. अक्कांनी त्या दिवशी रोटाला हात लावला नाही.

पुढे मावशी खरंच सापडली, शिंदखेड्याजवळच्या एका गावात. मावशी तयार होती, पण तिच्या सासूचं तोंड वाकडं होतं. पोरीला काही महिने तिथे ठेवून बघायचं आणि मग कायमचं काय ते ठरवायचं, असं बालकल्याण समितीने ठरवलं. सोनी गेली. तेव्हापासून अक्कांचा एकच घोर. "घर भेटनं, पन पोर घरनी व्हयनी का?"

पुढच्या श्रावणात घरभेटीला माझ्याबरोबर अक्काही निघाल्या. दिवस त्यांनीच निवडला, मावशीकडच्या रोटांचा रविवार. एसटीत त्या दर थांब्याला गाव आलं का म्हणून विचारत होत्या.

सासूबाईंनी सतरंजी टाकून "बठा" म्हटलं आणि त्या आत गेल्या. आतून गुळाच्या खिरीचा वास येत होता. अक्कांची नजर स्वयंपाकघराच्या दारावरून हलेना. पोर पंगतीत बसते, की नुसती वाढते? मलाही बसवेना.

सोनी बाहेर आली. चांगली उंच झाली होती. हातात दोन बश्या.

"अक्का, तुमले पोहे. रोट नही भेटाव."

"काबरं वं?"

"तुमनी मूठ पडनी नही," सोनी ऐटीत म्हणाली. "मनी पडनी."

तेवढ्यात आतून सासूबाई ओरडल्या, "सोने, तुना रोट थंडा व्हई राहिना! ये मझार!"

सोनी आत पळाली. अक्कांचे डोळे वाहायला लागले आणि त्यांनी तो दोष बिनदिक्कत पोह्यातल्या मिरचीवर ढकलला. मीही मिरचीचीच बाजू घेतली. बशी रिकामी झाल्यावर अक्कांनी ती दाराकडे उंच धरली.

"सोने, आखो दे वं," त्या मोठ्याने म्हणाल्या. "पाव्हनी शे मी!"