उसने उपास

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर लिहिण्याशी संबंध आला तो दुधाच्या रतिबापुरता. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, ओळी वर-खाली गेल्या असतील, तर माफ करावं. हे कुणाला वाचायला द्यायचंच नाही, तेव्हा माफी कुणाकडे मागते आहे ते माझं मलाही कळत नाही. पण मागितलेली बरी.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. आम्ही कोपरगावजवळ साखर कारखान्याच्या शेजारी राहायचो. मामंजी, म्हणजे माझे सासरे, उसाच्या वजनकाट्यावर. हे आणि माझे धाकटे दीर कारखान्यात पाळीवर. सासूबाईंच्या दोन म्हशी. स्वयंपाक माझ्याकडे. संध्याकाळी एक जण कामावरून येणार, दुसरा डबा घेऊन निघणार, त्याच वेळेला म्हशींच्या धारा. ऐन वेळी काय करायचं असा विचार करत बसले तर कुणीतरी उपाशी जायचं. म्हणून आठवड्याच्या रात्रीच्या जेवणाचा बेत मी रविवारीच मनात ठरवून ठेवायची. सोमवारी मेथी, मंगळवारी मटकी, बुधवारी पिठलं, शनिवारी शेंगोळे. मटकी रविवारी भिजत घातली की मंगळवारी चांगले मोड यायचे. मला बोलायची फार लाज, त्यामुळे हा बेत कुणाला सांगितलेला नसायचा. ताटात पडेल तेव्हा कळेल.

बेत चांगला होता, पण उपास आडवे यायचे. मामंजींचा सोमवार, सासूबाईंचा मंगळवार, ह्यांचा गुरुवार, भाऊजींचा शनिवार. मला वार नव्हता. मी लग्न होऊन आले तोवर चांगले वार गेलेले होते. उपासही एकासारखा एक नाही. मामंजींना साबुदाण्यात जिरं चालायचं, सासूबाईंना भगरीत चालायचं नाही. ह्यांना रताळं हवं. भाऊजींना रताळं नको, बटाटा हवा आणि तो तुपातला. त्यात सासूबाईंनी नवीनच काढलं.

"कांदा शिजल्याल्या चुलीवर माझी भगर नगं. आधी चूल सारव, वाळू दे, मग ठेव."

चूल वाळेपर्यंत सगळे भिंतीला टेकून बसायचे आणि चुलीकडे बघायचे. चार-पाच मंगळवार असे गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "येगळा इस्तूच पाहिजे."

मामंजी म्हणाले, "आता दुसरा इस्तू काय आभाळातनं आणू?"

सासूबाईंनी वाट काढली आणि मला म्हणाल्या, "आक्काकडनं उसने घे अन् स्टो आण. फेडायचे मातुर तू."

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, गावातच दिलेली. तिनं चाळीस रुपये दिले आणि संक्रांतीनंतर घरात वातीचा स्टो आला. आक्कानं त्याला हळदीकुंकू लावलं आणि म्हणाली, "दसऱ्यापातुर पैसे आले तर बरं. न्हाईतर स्टो माझ्या घरी. मी बी कांदा खाते, मला बी देव हाय."

तेव्हापासून ती दर शुक्रवारी स्टो बघायला यायची. त्यावर हात फिरवायची, वात वर-खाली करायची, "माझा स्टो बराय की," म्हणायची आणि जेवून जायची. मला मात्र, स्टो गेला तर पुन्हा चूल सारवून वाळायची वाट बघत बसलेली सगळी माणसं डोळ्यांपुढे दिसायची. माझ्याकडे स्वतःचा म्हणून एक पैसा नव्हता.

मग भाऊजींच्या मित्राकडे एका शनिवारी कोंबडी कापायची ठरली. भाऊजी ह्यांना म्हणाले, "दादा, येवढा माझा शनिवार तू धर. मी तुझा गुरुवार धरतो."

"उपास म्हंजे काय रातपाळी हाय का, बदलून घ्यायला?"

"तसंच की. कुणीतरी हजर असल्याशी मतलब."

हे दोघे कारखान्यात पाळ्या नेहमीच बदलून घ्यायचे, त्यामुळे ह्यांना ते पटलं. मामंजींना पटेना. ते मारुतीच्या देवळात जाऊन गुरवाला विचारून आले. गुरव म्हणाला, "नारळ ज्याचा त्यानं आणायचा. पोट कुनाचं बी चालंल."

एकदा गुरवाचं ऐकल्यावर मामंजींनी स्वतःचाच सोमवार ह्यांच्या गळ्यात घातला. ह्यांनी तो भाऊजींना दिला. भाऊजींनी सासूबाईंचा एक मंगळवार घेतला आणि त्यांच्याकडे दोन शनिवार ठेवले. कुणाचे कुणाकडे किती वार आहेत हे सासूबाईंना बरोबर पाठ असायचं. "तुझ्याकडं माझे दोन हायेत, त्यातला एक आज धर," असं त्या धार काढता काढता गोठ्यातून ओरडायच्या. मला काहीच कळेना. एका सोमवारी मी मामंजींसाठी खिचडी केली, तर ते भाकरी मागायला लागले. त्या दिवशीचा सोमवार ह्यांच्याकडे होता आणि हे तर मेथी-भाकरीचा डबा घेऊन केव्हाच गेले होते. तो उपास नक्की कुणाचा मोडला यावर घरात दोन दिवस भांडण चाललं.

शेवटी मी स्वयंपाकघराच्या दारातून, पदर तोंडाशी धरून म्हणाले, "काय बदलायचं ते रविवारी दिवेलागणीच्या आत सांगायचं. साबुदाणा भिजवायचा असतो."

माझ्या तोंडून एवढं लांब बोलणं घरात पहिल्यांदाच निघालं होतं. भाऊजी माझ्याकडे बघत राहिले.

"वैनी, तुमचा वार कुठला वो?"

"मला न्हाई."

"मोकळ्याच हाय का तुमी? मग माझा शनिवार तुमीच धरा की." आणि त्यांनी स्टोजवळ आठ आणे ठेवले. "देवाचं काम फुकट नगं."

पुढच्या आठवड्यात मामंजींनी आठ आणे ठेवले. मग सासूबाईंनी. हे म्हणाले, "मी नवरा हाय, मी कशाला देऊ?" सासूबाई म्हणाल्या, "गुरुवार काय वाटेवर सापडला का?" ह्यांनीही दिले.

असे चार वार माझ्याकडे आले. आणि काय सांगू, माझा बेत पहिल्यांदाच ठरल्यासारखा पार पडायला लागला. चुलीवर सगळ्यांना एक भाजी, स्टोवर माझी मूठभर भगर. पैसे साठले की मी आक्काकडे नेऊन द्यायची.

पण उपास ज्याचा त्याचाच होता, आणि जो तो आपला उपास जपायचा. भाऊजी शनिवारी कोंबडी खाऊन, मिशीला रस्सा लागलेला तसाच यायचे आणि काळजीनं विचारायचे, "वैनी, च्याबरूबर बिस्कीट तर न्हाई ना खाल्लं? माझा शनिवार हाय." सासूबाई मंगळवारी माझ्या भगरीत बोट फिरवून जिरं शोधायच्या. मामंजी तर सोमवारी कांद्याशी भाकरी खाता खाता म्हणाले, "पोरी, खिचडीला मिरची जरा बेतानं घाल. मला जळजळ हुती."

मी मिरची कमी घातली.

गल्लीत वेगळंच झालं. चार-चार उपास करणारी सून म्हणून बायका नळावर मला पुढं जाऊ द्यायला लागल्या. एकीनं तर वाकून पायाला हात लावला आणि मुलाला नोकरी लागेल का विचारलं. मी अर्धी घागर तशीच ठेवून घरात पळाले. आक्कानं ऐकलं तेव्हा म्हणाली, "माज्या स्टोचा पायगुन."

चैत्रात कारखान्याचा सीझन संपला. पाळ्या बंद, जास्तीची कामं बंद, सगळे संध्याकाळी घरी. रिकामी माणसं भक्तीला लागली. ज्यानं त्यानं आपापला वार परत नेला. ह्यांनी तर जोडीला शुक्रवारही धरून बघितला. माझं देणं अजून निम्मं होतं. पुन्हा चार जणांचे चार फराळ, आणि माझ्याकडे आठ आण्याचंही नाणं येईना. आक्का शुक्रवारी आली, स्टोवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "दसऱ्याला नेताना धुऊन दे बरं. काजळी लई हाय."

मी त्या रात्री दोनदा स्टो पुसला.

आषाढापर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. मग श्रावण आला. श्रावणातले उपास कडक, आणि घरातल्यांना चैत्रापासूनच्या भक्तीचा कंटाळा आलेला. पहिल्याच रविवारी, दिवेलागणीच्या आत, मामंजी दारात येऊन खाकरले आणि त्यांनी स्टोजवळ एक रुपया ठेवला.

सासूबाईंनी बघितलं. "रुपया? साध्या सोमवारचे तर आठ आणे हुते!"

भाव मी वाढवला नव्हता. भाऊजीच म्हणाले, "आई, श्रावणातला हाय. भाव चढनारच."

मग त्यांचा शनिवारही रुपयाचा झाला. नाइलाजानं सासूबाईंचा मंगळवार, आणि ह्यांचा गुरुवार. महिनाभर मी भगर, साबुदाणा, रताळं एवढंच खाल्लं आणि गणपती उठले तेव्हा आक्काचा फक्त एक रुपया राहिला होता. पण आता घरात उपास उरला नव्हता. पुण्य पुरे झालं म्हणून सगळ्यांनी आपापले वार सोडले होते. पितृपंधरवड्यात तर सगळे वड्यांचं आणि खिरीचं बोलत होते. एका रुपयासाठी स्टो जातो की काय असं मला वाटायला लागलं.

त्यातच आक्काची संकष्टी आली. ती दिवसभराची उपाशी, चंद्र उगवल्यावर जेवायची, आणि आकाशात नुसते ढग. ती आमच्या अंगणात येऊन बसली, कारण तिच्या अंगणातून लिंबाच्या झाडामुळे चंद्र दिसत नाही असं तिचं म्हणणं. बुधवार होता. चुलीवर पिठलं रटरटत होतं. आक्का एकदा वर बघायची, एकदा आत बघायची.

"चंद्र कवा दिसायचा गं?"

"आज काही खरं न्हाई, आक्का."

थोड्या वेळानं ती चुलीपाशी येऊन बसली. "तू जेवलीस का?"

"न्हाई अजून."

"मग माझी संकष्टी तू धर की. तुला सवय हाय."

मी पदर सावरला. बोलायची लाज वाटत होती. तरी म्हणाले, "एक रुपया पडंल."

"अगं, मी तुझी नणंद हाय!"

आतून सासूबाई म्हणाल्या, "मी सासू हाय, मी बी देते."

आक्कानं कनवटीचा रुपया काढून माझ्या हातावर ठेवला आणि ताट ओढलं. दोन भाकरी आणि पातेल्याच्या तळाचं पिठलं खाल्लं, हात धुतला. मग मी तोच रुपया तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, "हा शेवटचा."

तिनं तो उलटा-पालटा करून बघितला. ओठ हलवत, बोटांवर, संक्रांतीपासूनचे सगळे मोजले. दोनदा मोजले. चाळीस भरले. रुपया परत कनवटीला लावला आणि म्हणाली, "फिटले."